टाकी भरते कशानं

१

बोटीवरच्या संडासाच्या तक्रारी चारच असतात. वास मारतो, तुंबतो, गेलेलं पाणी उलटं वर येतं, नाहीतर टाकी लवकर भरते. पहिल्या तिन्हींचं कारण दहा मिनिटांत सापडतं. चौथीचं कारण बहुतेक वेळा माणसंच असतात. पाहुणे येऊन गेलेले असतात आणि कुणी सांगत नाही.

मी राहुरीत पंचवीस वर्षं नळजोडणीची कामं करतो. मुळा धरणाच्या पाण्यावर, बारागाव नांदूरच्या पुढं, पुण्याच्या एका माणसानं हाऊसबोट आणून ठेवली होती. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागच्या टोकाला स्वयंपाकाची जागा आणि संडास. तो संडास मी बसवला. घरचा मैला शोषखड्ड्यात जातो. इथं खाली धरणाचं पाणी, ते लोक पितात. म्हणून सगळं बोटीच्या पोटातल्या पाचशे लिटरच्या टाकीत साठवायचं आणि टाकी भरली की बोट काठाला लावून टँकरनं उपसायची. दोन वर्षं पर्यटक आले, मग यायचे बंद झाले. मालकानं बोट राखायला श्रीमंत आणि त्याची बायको विजयमाला, या दोघांना तिथंच ठेवलं.

श्रीमंत माझा जुना जोडीदार. आम्ही दोघांनी मिळून उसाच्या रानांतनं किती पाइपलाइनी टाकल्या त्याला हिशेब नाही. चरात तो पुढं, मी मागं. तो दिसत नसला तरी कुठं आहे ते मला त्याच्या खोकल्यावरून कळायचं. बिडीचा खोकला होता त्याचा, दोन आखूड आणि मग एक लांब.

पाडव्यानंतर विजयमालावहिनीचा फोन आला.

“भाऊजी, टाकी भरलीया.”

“होळीला तर उपसली होती.”

“व्हय. परत भरलीया.”

“कोण आल्तं का ऱ्हायला?”

“कोन येतंय आता हितं.”

दोन माणसांना ती टाकी दोन महिने पुरायची. अजून तीन आठवडे झाले नव्हते. मी म्हणालो, झडप गेली असेल, धरणाचं पाणी आत ओढत असेल, येतो.

२

धरण उतरलं होतं. पूर्वी जिथं पाणी असायचं तिथं भेगाळलेला गाळ होता आणि त्यातून शेतकऱ्यांच्या मोटारींचे काळे पाइप पाण्यापर्यंत गेले होते. भर दुपार होती. टँकर काठावर लावायला सांगून मी फळीवरून बोटीत गेलो.

श्रीमंत व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. ऊन सरळ तोंडावर होतं. त्याचे डोळे मिचमिचत नव्हते.

“आलास?” तो म्हणाला.

“आलो. तब्येत काय म्हणतीय?”

“बरी हाय.”

मी बिडीचं बंडल पुढं केलं. त्यानं बघितलं आणि मान हलवली. त्याचे हात मांडीवर होते, पालथे, एकाशेजारी एक. मला आठवतं, मला त्या वेळी बरंच वाटलं. म्हटलं, सुटली एकदाची.

“खोकला गेला का रे?”

“गेला.”

वहिनी मला मागं घेऊन गेली. संडासाचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं त्यावर दोनदा टकटक केलं, क्षणभर थांबली आणि मग उघडलं. तिघंही बाहेर असताना टकटक कशाला, असं माझ्या मनात आलं, पण सवय असते एकेकाची.

आत सगळं कोरडं होतं. पाणी ओढायचा दांडा कोरडा. साबणाची वडी वाळून तिला चिरा पडल्या होत्या. कमोडच्या तळाशी जे चार बोटं पाणी राहायला हवं ते आटून पांढरा डाग उरला होता.

“वहिनी, हा वापरात न्हाई?”

“मी काठावर जाते. बाभळींच्या मागं. लई दिस झाले.”

“बिघडलाय म्हणून?”

तिनं दार परत लोटलं.

“आन श्रीमंत?”

“च्या टाकते,” म्हणाली आणि गेली.

टाकी काठोकाठ भरलेली होती. टँकरनं ती उपसली. मी तळाशी काठी घालून पाहिली, दोन बोटं ओल उरली होती. पाणी आत घेणारी झडप थोडी ढिली निघाली, ती मी बदलली, वायसर नवा टाकला आणि वरचा कॉकही बंद करून टाकला. आता धरणाचा एक थेंबही आत जाणार नव्हता. वहिनीला म्हणालो, आठ दिवस कुणी वापरू नका, मग बघू.

जाताना श्रीमंताला हाक मारली. तो त्याच जागी होता. चहाचा कप त्याच्या पायाशी भरलेला, वर साय धरलेली.

३

आठ दिवसांनी मी काठी घातली तर नऊ बोटं ओली निघाली.

कॉक बंद होता. झडप घट्ट होती. टाकीला कुठं तडा नव्हता. मी पोटावर झोपून, विजेरी लावून चारी बाजूंनी हात फिरवला. मग काठी नाकाशी नेली. धरणाचं पाणी शिरलं असतं तर शेवाळाचा वास आला असता. या धंद्यात नाक फसत नाही. टाकीत जे होतं ते माणसाचं होतं. एका माणसाचं, आठेक दिवसांचं.

मी हात धुऊन व्हरांड्यात आलो. मला हसू येत होतं, म्हणजे मी ते आणत होतो.

“काय रे श्रीमंत, गुपचूप जातोस आणि बायकोला काठावर पाठवतोस व्हय?”

“मी न्हाई जात.”

“मग कुठं जातोस?”

“लागत न्हाई,” तो म्हणाला. चहा नको म्हणावं तसं.

मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो. चेहरा त्याचाच होता. भुवईवर चराच्या कामात कुदळ लागलेली खूण होती. दाढी मात्र आठ दिवसांपूर्वी जेवढी होती तेवढीच होती. मी स्वतःला सांगितलं की केली असेल मधे.

अवजारं आणायला मागं गेलो. संडासाचं दार लोटलेलं होतं. हातात पाना होता. वहिनीचं पाहून असेल, मी पान्यानंच दोनदा वाजवलं.

आतून कुणीतरी खोकलं. दोन आखूड, एक लांब.

आपल्याकडं कुणी संडासात असलं आणि बाहेरून दार वाजलं तर माणूस बोलत नाही, खाकरतो. आहे मी, थांबा. एवढाच त्याचा अर्थ. मी खरोखरच एक पाऊल मागं सरलो, माणूस सरतो तसा, शरमून. मग मान वळवून पाहिलं. खोल्यांच्या मधल्या बोळातनं व्हरांडा सरळ दिसत होता. खुर्ची, आणि खुर्चीत श्रीमंताची पाठ.

मी दार ढकललं. आत कुणी नव्हतं. साबणाची वडी तशीच चिरलेली.

४

कारण असतंच. मी ते शोधलं आणि सापडलंही. टाकीतली हवा बाहेर जायला छपरावर एक पाइप काढलेला असतो. त्याच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. हवा कोंडली की ती कमोडच्या वाटेनं ढेकर दिल्यासारखी वर येते, गुडगुडते, भक् भक् करते. मी तारेनं ते घर फोडलं, पाइप मोकळा केला. दांडा मारून दाखवला. आवाज झाला, बराचसा खोकल्यासारखा.

“हे बघा वहिनी. हवा हाय. दुसरं काय न्हाई.”

ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी होती. चाळिशीची बाई, पण त्या दिवशी साठीची दिसत होती.

“हवेला माझं नाव ठाऊक असतंय का, भाऊजी?”

मी पाना पिशवीत टाकला, परत बाहेर काढला.

मग ती हळू आवाजात बोलू लागली. मधूनमधून व्हरांड्याकडं बघायची.

“संक्रांतीनंतरची गोष्ट. सकाळचे आठ वाजले असतील. हे बिडी पेटवून आत गेले. मी भाकरी थापत हुते. दोन भाकरी झाल्या, चार झाल्या, हे येईनात. मी दार वाजवलं. खोकले. म्हनलं असू दे. परत वाजवलं तर म्हनले, विजू, कडी घावंना. म्या म्हनलं कडी आपल्या जागेवर असंल की, बघा नीट. म्हनले, न्हाई गं, कडीच न्हाई हितं. हसत हुते आधी. मग हसायचे थांबले. मी बाहेरनं ढकललं, लाथा घातल्या. दोन तास. मग मी पुढं जाऊन काठावर कुनी दिसतंय का म्हनून वरडत ऱ्हायले. अन् मागं कडी वाजली.”

“निघाले म्हणा बाहेर.”

“निघाले. दार उघडून नीट चालत आले, पुढं जाऊन खुर्चीवर बसले. मी म्हनलं, काय झालं हुतं? म्हनले, काय न्हाई. मी रडायला लागले, एवढं हायसं वाटलं. भाकरी वाढली तर नको. दुपारी नको. रातीला नको. मला वाटलं धसका घेतलाय. दुसऱ्या दिशी मी संडासाला गेले, सवयीनं वाजवलं, अन् आतनं हे खोकले.”

तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

“दार उघडलं की कुनी नसतं. लावलं की असतात. म्हनून मी उघडं ठेवत न्हाई. उघडं ठेवल्यावर ते कुठं जात असतील, सांगा की.”

डॉक्टरला दाखवा, असं काहीतरी म्हणालो असेन. नक्की कुणाला दाखवा म्हणालो ते आठवत नाही.

“आत कोन गेलं ते मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “बाहेर कोन आलं, त्याच्यासंगं मी तीन महिने ऱ्हातीया. ते मला काय करत न्हाई. नुसतं बसतं. रातचं बी बसूनच असतं, डोळे उघडे ठिवून. भाऊजी, तुमी ही खोली बांधलीया. ह्यांना बाहेर काढा.”

५

खोली मी बांधली होती. प्लायवूडचे तीन तक्ते, चार फूट बाय तीन फूट, पितळी कडी राहुरीच्या दुकानातनं मीच आणलेली, आतून उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर. पाण्याच्या बाजूला काचेच्या आडव्या पट्ट्यांची लहान खिडकी. बोटीच्या कडेनं वीतभर फळी होती. तिच्यावर पाय ठेवून, छपराची कड धरून खिडकीपर्यंत जाता येत होतं.

माझा विचार सोपा होता. दार लावून घ्यायचं आणि खिडकीतनं बघायचं. आत कुणी नाही हे वहिनीला सांगायचं. सांगून तिला आजच सोनईला तिच्या भावाकडं सोडायचं.

वहिनीनं दार लावलं. मी फळीवरून सरकत गेलो. खाली पाणी हिरवं, न हलणारं. लांब काठावर कुणाची तरी मोटार चालू होती, तिचा एकसुरी आवाज येत होता. मी स्क्रूड्रायव्हरनं वरच्या दोन पट्ट्या ढिल्या केल्या, काढून खिशात घातल्या आणि डोळा लावला.

आधी अंधारच दिसला. मग पाठ दिसली.

माणूस दाराकडं तोंड करून उभा होता. अंगात श्रीमंताचा निळा सदरा, पाठीवर घामानं पांढरा पडलेला. केस मानेवर आलेले. दोन्ही हात दारावर होते. हात वरपासून खाली येत होते, वीत वीत करून, मग थोडं बाजूला सरकून परत वरून खाली. घाई नव्हती. फार दिवस एकच काम करणाऱ्या माणसाचे हात चालतात तसे चालत होते. आणि प्रत्येक फेरीत उजवा हात कडीवरून जात होता. मला कडी दिसत होती, पितळेवर उजेडाची रेघ पडली होती. बोटं तिच्यावरून जात आणि थांबत नसत. तिथं सपाट लाकूड असावं तशी जात.

मला तेव्हा भीती वाटली नव्हती. ते नंतर. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की अरे, हा दमलाय.

“श्रीमंत,” मी हळूच म्हणालो. “कडी उजव्या हाताला हाय. तुझ्या हाताखालीच हाय बघ.”

हात थांबले.

“कोन हाय?” आवाज कोरडा पडलेला, पण त्याचा. “बिभीषण? कुठं हायस तू?”

“मागं. खिडकीपाशी. थोडं खाली घे हात. आता उजवीकडं. हां, तिथंच, धर.”

बोटं कडीवर आली. मिटली. मूठ आवळली गेली. पितळ मुठीच्या बाहेरच राहिलं. कसं ते मला सांगता येत नाही. मूठ कडीवर होती आणि कडीवर नव्हती.

“न्हाई रे,” तो म्हणाला. “हितं काय बी न्हाई.”

मग त्याची मान वळू लागली. आधी कान दिसला, मग दाढी, छातीपर्यंत वाढलेली.

“खिडकी कुठली?” तो म्हणाला. “हितं खिडकी कुठं हाय?”

मी डोळा काढला. तोंड मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, एवढा तरी मान मी त्याला द्यायला हवा होता. मी छपराची कड दोन्ही हातांनी धरून भिंतीला चिकटलो होतो.

“काय दिसतंय रे?”

हा आवाज बाजूनं आला. खुर्चीतला श्रीमंत फळीच्या टोकाला येऊन उभा होता. वाकून माझ्याकडं पाहत होता. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर मला काहीतरी दिसलं. धमकी नव्हती ती. काळजी होती, घर मिळालेल्या भाडेकरूला असते तशी.

“काय न्हाई,” मी म्हणालो. “रिकामं हाय.”

“लाव मग परत काचा,” तो म्हणाला.

मी खिशातनं काचा काढल्या आणि लावल्या. स्क्रू पिळले. चांगले घट्ट पिळले.

वहिनीला मी काय सांगितलं ते सांगायची गरज नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि परत विचारलं नाही. सोनईला चला म्हणालो तर म्हणाली, “ह्यांना टाकून?”

६

त्यानंतर मी बोटीवर गेलो नाही. कामं होती असं म्हणता येईल. ती फोन करायची, बहुतेक दुपारी. दारापाशी बसलेली असायची. आत जेवण देता येत नव्हतं, दार उघडलं की घ्यायला कुणी नसायचं. तरी टाकीत भर पडायचीच. तिला त्यातच धीर वाटायचा. म्हणायची, “आज बी दोन बोटं वाढलीया, भाऊजी.”

मृग लागायच्या सुमारास तिचा सूर बदलला.

“आता लगेच खोकत न्हाईत. वाजवलं की लई येळानं येतो आवाज. टाकी बी चार दिस झाले तेवढीच हाय.”

मी हूं म्हणालो.

“माझ्या कानाचा बी भरवसा न्हाई ऱ्हायला. कदी येतो, कदी मला नुसतं वाटतं. तुमी ऐका. मी फोन दाराला लावते. तुमी सांगा.”

मी तेव्हा राहुरीच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या पायरीवर उभा होतो. एका कानात बोट घातलं. फोनमधनं टकटक आली, दोनदा. मग काही नाही. मग मोटारीचा लांबचा आवाज. मी वाट पाहत राहिलो. रस्त्यावरनं कांद्याचा एक टेम्पो गेला, दुसरा गेला.

आणि मग आला. अगदी बारीक. एक आखूड. दुसरा आखूड अर्धाच. लांब खोकल्याइतका दम उरला नव्हता, त्याच्याऐवजी नुसता श्वास सुटला.

“आला का ऐकू?” ती म्हणाली. “भाऊजी? खोकले का हे?”

मी विचार केला. लोकांना वाटतं असल्या वेळी माणसाला विचार करायला सवड मिळत नाही. मिळते. मला वाटलं, हो म्हणालो तर ही बाई त्या दारापाशी बसून मरेल. हे खरंच वाटलं मला. आणि हेही वाटलं की हो म्हणालो तर मला परत जावं लागेल.

“न्हाई वहिनी,” मी म्हणालो. “काय न्हाई आलं.”



“मला बी न्हाई आलं आज,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सोनईला गेली. एकटी गेली नाही. तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला होता, आणि व्हरांड्यातला माणूस कुणी काही म्हणायच्या आत टेम्पोत जाऊन बसला. भावाला त्यात नवल वाटलं नाही. त्याच्या लेखी तो तिचा नवराच होता. बोट तिथंच राहिली. मालकाला मी कळवलं, तो पाऊस संपला की बघू म्हणाला. वरच्या डोंगरांत यंदा पाऊस चांगला झाला. उन्हाळ्याअखेर पाणी आणखी उतरलं तेव्हा गाळात रुतून वाळलेल्या बोटीचे सांधे उघडले होते. पाणी चढलं तशी ती तरंगली नाही. श्रावणात तिचं छप्पर दिसेनासं झालं.

७

पोळ्याच्या आदल्या दिवशी एका कामासाठी सोनईला गेलो होतो. बाजार भरला होता. बैलांच्या साजाच्या दुकानापाशी ती दोघं दिसली. तो पुढं, ती दोन पावलं मागं. त्याच्या अंगात नवा पांढरा सदरा होता. लोक त्याला रामराम घालत होते आणि तो प्रत्येकाला नीट उत्तर देत होता. तब्येत सुधारल्याचं दिसत होतं. हातात उसाच्या रसाचा ग्लास होता, अर्धा प्यालेला. तो आता खायला प्यायला शिकला होता.

“काय बिभीषण, बरं हाय ना?” तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता.

“बरं हाय,” मी म्हणालो.

तो ग्लास परत द्यायला रसवंतीकडं वळला. तेवढ्यात वहिनी माझ्याजवळ आली. पिशवीत अर्धा किलो गवारी आणि घुंगरांची एक माळ होती.

“भाऊजी,” ती म्हणाली. माझ्याकडं न बघता, घुंगरांकडं बघत. “त्या दिशी खरंच न्हाई ना ऐकू आलं?”

त्या सकाळच्या पेपरात होतं, धरण ब्याऐंशी टक्के भरलं.

“न्हाई वहिनी,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रसवंतीपाशी तो पाठमोरा उभा होता. ग्लास परत करता करता त्याला ठसका लागला आणि तो खोकला. दोनदा आखूड. मग जरा थांबून, आठवून काढल्यासारखा, एक लांब.

वहिनीनं पिशवी या हातातली त्या हातात घेतली आणि त्याच्या मागं चालू लागली.